घरी एक, क्लासात दुसरं: फोंड्यातल्या एका घरातला डिजिटल पियानो

फोंडा तालुक्यात चिऱ्याच्या भिंतींचं, मंगळुरी कौलांचं एक घर. ११ वर्षांची मुलगी दोन वर्षं पियानो शिकते आहे, आठवड्यातून दोनदा टीचरकडे जाते. टीचरकडे जुना उभा पियानो आहे. घरी सरावाला ६१ पट्ट्यांचा कीबोर्ड, पट्ट्या पोकळ प्लॅस्टिकच्या, खाली स्प्रिंग. आजोबा गावच्या भजनी मंडळात पेटी वाजवतात. धाकटा भाऊ ६ वर्षांचा. त्याचाही या प्रकरणात हात आहे, तो पुढे येईल.

टीचरची तक्रार एकच होती. "सूर सगळे बरोबर, पण सगळे एकाच आवाजात. आणि चौथं बोट पट्टीच्या तळाला टेकतच नाही." घरच्यांना वाटलं, सराव कमी पडतोय. सराव कमी नव्हता. स्प्रिंगच्या पट्टीवर रोज तासभर सराव केला की बोटं स्प्रिंगचीच सवय उचलतात.

खऱ्या पियानोत पट्टी दाबली की एक हातोडी उचलून तारेवर फेकली जाते. बोटाला लागतं ते त्या हातोडीचं वजन. डिजिटल पियानोच्या ‘हॅमर ॲक्शन’मध्ये तार नसते, पण पट्टीमागे खरंच एक वजनदार दांडी हलते. स्प्रिंग दाबत जावी तशी घट्ट होत जाते. हातोडी सुरुवातीला जड लागते आणि एकदा हलली की सुटते. बोटाची ताकद याच फरकावर तयार होते. म्हणून घरी वाजवणाऱ्याने बाकी सगळं विसरून आधी पट्टी पाहावी. पाटीवर ‘५०० आवाज, २०० ताल’ लिहिलेलं असेल तर ते वाचूसुद्धा नये.

निवड

हातात ६५ हजार रुपये होते आणि समोर तीन वाटा. पहिली, ओळखीच्या एका घरातला जुना उभा पियानो, जवळजवळ फुकट. गोव्यात असे पियानो अजून निघतात. पण तारा ताणणाऱ्या पिना धरून ठेवणारी लाकडी पाटी तडकलेली असेल तर तो सुरात राहत नाही, आणि ती दुरुस्ती पियानोपेक्षा महाग पडते. तारांना गंज, फेल्टला कसर, वर्षाला किमान दोनदा ट्यूनिंग. पावसाळ्यात हवेतली आर्द्रता ९० टक्क्यांच्या आसपास जाते तेव्हा लाकूड आणि फेल्ट फुगून पट्ट्या अडकतात, ते वेगळंच. ही वाट सोडली.

दुसरी वाट कपाटासारखा डिजिटल पियानो: स्वतःचे पाय, तीन पेडल, झाकण. आवाज भारी असतो, वजनही ४० किलोंच्या घरात. या घरात तो बसला नाही, कारण ज्या वसरीत तो ठेवायचा तिथंच चवथीला गणपती बसतो आणि वर माटोळी, म्हणजे फळं-पानांची लाकडी चौकटीवरची आरास, बांधली जाते. वर्षातून एकदा खोली पूर्ण रिकामी व्हावी लागते. तेव्हा तिसरी वाट: ८८ पट्ट्यांचा, १२ ते १५ किलोंचा ‘स्लॅब’ पियानो आणि वेगळा स्टँड. दोन माणसं तो सहज उचलतात.

स्लॅबमध्ये निवडताना कागदावरचे आकडे फार बोलतात. यामाहा पी-४५ मध्ये ६४ ची पॉलिफोनी, रोलंड एफपी-३०एक्स मध्ये २५६. पॉलिफोनी म्हणजे एका वेळी किती आवाज जिवंत राहू शकतात. डावा-उजवा आवाज वेगळा नोंदलेल्या स्टिरिओ नमुन्यात एका सुराला दोन आवाज खर्च होतात, म्हणजे ६४ चे प्रत्यक्षात ३२ सूर. सूर लांबवणारं पेडल दाबून धरून डाव्या हाताने लांब आर्पेजिओ, म्हणजे सुटे सूर एकामागून एक, वाजवला की जुने सूर गुपचूप गळायला लागतात. पियानोच्या परीक्षांच्या तिसऱ्या-चौथ्या ग्रेडपर्यंत हे क्वचितच जाणवतं. या मुलीपुरता हा निकष गौण होता.

पट्टीची परीक्षा मात्र दुकानात सुट्ट्या पैशांनी झाली. दहा रुपयांचं नाणं सुमारे ७.७ ग्रॅमचं असतं. मधल्या ‘सी’च्या पट्टीच्या पुढच्या कडेवर नाण्यांची चळत ठेवत जायचं. सात नाणी म्हणजे ५४ ग्रॅम, नऊ म्हणजे ६९. हॅमर ॲक्शनची पट्टी साधारण या दोन वजनांच्या मध्ये कुठंतरी सावकाश खाली जायला लागते. तीन-चार नाण्यांतच धपकन बसली तर ती नावापुरती ‘वेटेड’. मग हेच अगदी डावीकडच्या आणि अगदी उजवीकडच्या पट्टीवर करायचं. डावीकडे एखाद-दोन नाणी जास्त लागली पाहिजेत, उजवीकडे कमी. खऱ्या पियानोत खर्जाच्या हातोड्या मोठ्या असतात. दुकानदार हसतो, हसू द्यावं.

दुसरी परीक्षा पट्टीच्या मागच्या भागाची. बोट अगदी आत, काळ्या पट्ट्यांच्या मुळाशी नेऊन पांढरी पट्टी दाबायची. बारीक चणीच्या पियानोंत पट्टीचा टेकू फार पुढे असतो, आणि आत दाबायला दुप्पट जोर लागतो. दोन-चार काळ्या पट्ट्या असलेला कॉर्ड, म्हणजे एकदम दाबायचे सूर, धरताना बोटं नेमकी तिथंच पोचतात. काउंटरवरचे दोन पियानो याच परीक्षेत बाद झाले.

तिसरी परीक्षा पुनरावृत्तीची: पट्टी अर्धीच वर येऊ द्यायची आणि पुन्हा दाबायची. पट्टी कुठवर गेली हे ओळखणारे तीन सेन्सर असलेली ॲक्शन सूर देते. दोन सेन्सरची बहुधा गप्प राहते, कारण वरचा सेन्सर सुटल्याशिवाय तिला पट्टी नव्याने दाबलेली कळत नाही. पॅरिसच्या एरार्डने १८२१ मध्ये ग्रँड पियानोसाठी हीच सोय लाकडात करून पेटंट घेतलं होतं.

शेवटी तीन सेन्सरचा, हेडफोनच्या दोन जागा असलेला स्लॅब ठरला. दोन जागा अशासाठी, की टीचर घरी आल्या तर दोघींना एकदम ऐकता यावं. सोबत मिळणारं चपटं चौकोनी पेडल दुकानातच परत करून थोडे पैसे घालून अर्धं दाबलेलं ओळखणारं, धातूच्या जिभेचं पेडल घेतलं. चपटं पेडल हा फक्त चालू-बंदचा स्विच असतो, आणि गुळगुळीत लादीवर तो पायाबरोबर पुढे पळत जातो. नवं पेडल घेताना ते त्याच मॉडेलला चालतं की नाही हे पुस्तिकेत पाहून घ्यावं. प्लग बसला म्हणजे पेडल चाललं असं नसतं.

पहिले दोन आठवडे

पियानो आला, स्टँड यायचा होता. पियानो जेवणाच्या टेबलावर चढला. टेबल ७५ सेंटिमीटर उंच, त्यावर पट्टीची पातळी आणखी १० सेंटिमीटर वर. म्हणजे बोटं जमिनीपासून ८५ सेंटिमीटरवर. खऱ्या पियानोत ही उंची ७२-७३ असते. मुलीचे खांदे कानाला लागले. स्टूल उंच केलं तर पाय लोंबकळू लागले आणि पेडल राहिलं दूर. स्पीकर तळाला असल्यामुळे आवाज टेबलाच्या फळीवर आदळून घुमत होता, ते निराळंच. स्टँड आल्यावर तिन्ही गोष्टी एका दुपारी सुटल्या. कात्रीसारखा एक्स-स्टँड घेऊ नये. उंची बसवायला गेलं की त्याचे पाय गुडघ्याला लागतात, आणि जोरात वाजवलं की पियानो डुलतो. त्या मॉडेलचाच लाकडी स्टँड, किंवा निदान चार पायांचा टेबलासारखा.

उंची एका खुणेवर बसवतात: बाकावर अर्ध्यापर्यंत पुढे बसून हात पट्ट्यांवर ठेवला की कोपर पट्टीच्या पातळीत यायला हवं. मनगट खाली वाकलं तर बाक वर, खांदे चढले तर बाक खाली.

पेडलची एक खोडी पहिल्याच आठवड्यात दिसली. एका सकाळी पेडल न दाबताच सगळे सूर लांबत राहिले आणि दाबलं की तुटत होते. बिघाड काहीच नव्हता. बरेच पियानो चालू होताना पेडलची दिशा ओळखतात. त्या क्षणी पाय पेडलवर असेल तर ते उलटं समजून बसतात. बंद करायचा, पाय काढायचा, चालू करायचा.

तक्रार परत आली

दोन महिन्यांनी टीचरची तक्रार पुन्हा आली, पण बदललेली. आता सूर एकाच आवाजात नव्हते. सगळे दबके होते. घरी फोर्टे, म्हणजे जोरात वाजवायचा भाग, खणखणीत वाजत होता, क्लासातल्या पियानोवर तोच तुकडा उशीखाली ठेवल्यासारखा. घरच्यांचा पहिला संशय पियानोवर गेला: डिजिटल तो डिजिटलच, आणखी काय. दोष पियानोचा नव्हता, त्याच्या सेटिंगचा आणि भोवतीच्या मांडणीचा होता.

पियानो यूएसबी केबलने फोनला जोडला आणि मिडीचे, म्हणजे पियानो केबलने बाहेर पाठवतो त्या सुरांच्या नोंदीचे, आकडे दाखवणारं एक फुकटचं ॲप उघडलं. प्रत्येक सुराचा जोर त्यात १ ते १२७ मध्ये दिसतो. मुलीने नेहमीच्या सवयीने हळू वाजायचा तुकडा वाजवला: ७० ते ८०. जोरात वाजायचा तुकडा: ११० ते १२०. म्हणजे तिची अख्खी दुनिया वरच्या अर्ध्यातच. पुस्तिकेत ‘टच’ची सेटिंग काढून पाहिली तर ती ‘लाइट’वर होती. धाकट्या भावाला पट्ट्या जड लागत होत्या, कुणीतरी त्याच्यासाठी ती बदलली, आणि या मॉडेलात ती बंद केल्यावरही टिकून राहते. लाइटमध्ये पट्टीचं वजन बदलत नाही, ते लोखंड आहे ते आहेच. कमी जोराला जास्त आवाज मिळतो एवढंच. दोन महिने मुलगी अर्ध्या जोरात वाजवून पूर्ण आवाज ऐकत होती. खऱ्या हातोडीला असं फसवता येत नाही.

टच ‘मीडियम’वर आणला. तोच हळू तुकडा आता ४५ ते ५५ वर आला आणि फोर्टे ९० च्या आसपास अडकला. कुठं जोर लावायचा हे तिला तिथंच उमगलं.

दुसरं कारण हेडफोनचं. आवाज जास्त ठेवला की हात आपोआप मवाळ पडतो, हा कानाचा स्वभाव आहे. उपाय घरगुती. टीचर एकदा घरी आल्या तेव्हा त्यांनी फोर्टे वाजवून, क्लासातल्या पियानोइतका वाटेल तिथं आवाजाचं बटण थांबवलं आणि तिथं पांढऱ्या टेपची बारीक खूण चिकटवली. सराव त्या खुणेवरच. हेडफोन कान झाकणारे, तारेचे. ब्लूटूथ हेडफोनमध्ये पट्टी दाबल्यापासून सूर ऐकू येईपर्यंत १०० ते २०० मिलिसेकंदांचा उशीर होतो. त्यावर वाजवणं म्हणजे आपल्याच प्रतिध्वनीबरोबर भांडणं. शिवाय बहुतेक पियानोंतला ब्लूटूथ फोनचा आवाज आत घेतो, पियानोचा आवाज बाहेर हेडफोनला देतच नाही. ‘ब्लूटूथ आहे’ एवढ्या शब्दावर घेणारे इथंच फसतात.

तिसरं कारण रिव्हर्ब, म्हणजे आवाजाला जोडलेला घुमारा. चालू करताना तो ‘हॉल’वर असायचा. चर्चमध्ये वाजवल्यासारखं वाटतं, छान वाटतं, आणि त्यात पेडल उशिरा उचलल्याचं पाप झाकून जातं. क्लासातल्या कोरड्या खोलीत ते उघडं पडतं. सरावाला रिव्हर्ब बंद. पाहुण्यांसमोर हवा तेवढा हॉल लावावा.

आजोबांची पेटी

आषाढात भजनी मंडळाची तालीम घरात सुरू झाली. श्रावणात वास्कोचा दामोदर भजनी सप्ताह, त्याआधी सगळ्यांनाच उत्साह. आजोबा पेटीवर, नात पियानोवर, अशी हौस निघाली. पहिल्याच अभंगाला सगळ्यांचे चेहरे वाकडे झाले. दोन्हीकडे ‘सा’ काळी एकचा, तरी सूर एकमेकांना चावत होते.

फोनवरच्या ट्यूनरने पेटीचा मधला ‘ए’ मोजला: ४४५ हर्ट्झ. पियानो ४४० वर. फरक ५ हर्ट्झचा, म्हणजे दोन्ही एकदम वाजले की सेकंदाला पाच हेलकावे, आणि सुरांत २० सेंटचं अंतर. अर्ध्या स्वराचा पाचवा हिस्सा. पेटीच्या सूरपट्ट्या घासून उतरवणं हे कारागिराचं काम, आणि मंडळातला दुसरा पेटीवाला त्याच सुरात. तेव्हा पियानोनेच वर चढायचं. ‘मास्टर ट्यूनिंग’मध्ये बहुतेक पियानो ४१५ पासून ४६६ हर्ट्झपर्यंत जातात, ४४५ ला आणलं आणि हेलकावे थांबले. भजनाच्या घरात डिजिटल पियानो खऱ्या पियानोच्या पुढे जातो तो इथं, दोन मिनिटांत. विकणारे मात्र ही गोष्ट सांगतच नाहीत.

ट्रान्सपोजचं, म्हणजे सगळ्या पट्ट्यांचे सूर एकदम वरखाली सरकवणारं, बटण मात्र टीचरनी बंद करायला लावलं. मुलगी ट्रान्सपोज एकने वर करून पांढऱ्यांवरच वाजवत होती आणि ऐकू येत होती काळी एक. सोय खरी, पण डोळ्याला ‘सी’ दिसताना कानाला दुसराच सूर ऐकायची सवय लागते, आणि बटण विसरून राहिलं तर परीक्षेचा सगळा सराव अर्ध्या स्वराने वर होतो. काळी एकची सरगम हाताला अवघड नाही. पाच काळ्या आल्या की लांब बोटं त्यांच्यावर आपोआप बसतात. शोपँ तर शिष्यांना सुरुवात ‘बी’च्या सरगमीने करायला लावायचा, तिच्यातही पाच काळ्याच.

तानपुरा फोनवरून ब्लूटूथने पियानोच्याच स्पीकरांत सोडला. इथं ब्लूटूथचा उपयोग झाला, कारण तानपुऱ्याला उशीर झाला तरी काही बिघडत नाही. फक्त एक धरून ठेवायचं: मास्टर ट्यूनिंग बदललं तरी फोनवरून येणारा आवाज बदलत नाही. तानपुऱ्याच्या ॲपमध्येही २० सेंट वर करावे लागतात. पहिल्या दिवशी हे राहिलं होतं आणि दोष आजोबांच्या गळ्यावर गेला.

पाऊस

जुलैअखेर मधल्या सप्तकातली ‘ई’ची पट्टी अचानक किंचाळू लागली. दहादा नीट, अकराव्यांदा कानठळी. ॲपवर पाहिलं: एकाच बोटाने एकाच जोराने दाबून ५०, ५३, ४९, १२७, ५१. या आकड्यांवरून रोग कळतो.

पट्टीखाली रबराच्या पट्टीत कार्बनचे स्पर्शबिंदू असतात. पट्टी खाली जाताना ते एकामागून एक टेकतात आणि दोन बिंदूंमधल्या वेळावरून जोर मोजला जातो. वेळ कमी म्हणजे दाब वेगात, म्हणजे आवाज मोठा. आधी टेकणाऱ्या बिंदूवर दमटपणाचा किंवा धुळीचा थर बसला तर तो उशिरा जुळतो, मधला वेळ चिमटला जातो, आणि पियानोला वाटतं की बोट विजेसारखं आलं. शेवटच्या बिंदूवर थर बसला तर उलट: सूर येतच नाही.

घरच्यांच्या मनात फवाऱ्याचं गंजनाशक मारायचं आलं होतं. ते कधीच मारू नये. तेल रबरात शिरतं आणि एका पट्टीचं दुखणं दहांना लागतं. वॉरंटी असताना स्क्रूही उघडू नयेत. पियानो मूळ खोक्यात घालून सर्व्हिसला गेला. खोकं आणि आतले थर्माकोलचे साचे माळ्यावर जपून ठेवले होते म्हणून जमलं. घेतानाच विचारावं की जवळचं सर्व्हिस सेंटर कुठल्या गावात आहे, कारण उत्तर नेहमी ‘गोव्यात’ असं नसतं. आत मुंग्यांची माती निघाली. रबराची पट्टी आणि खालचे बिंदू आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसल्यावर पट्टी शांत झाली.

त्यानंतर घरात चार गोष्टी बदलल्या. पियानो घाम सुटणाऱ्या चिऱ्याच्या भिंतीपासून वीतभर पुढे आला. रेक्झिनच्या कव्हरखाली दमटपणा कोंडत होता, त्याजागी जुनं सुती लुगडं दुहेरी करून. स्टँडच्या पायांभोवती मुंग्यांची खडूरेघ, दर आठवड्याला नवी. आणि रोज थोडा वेळ तरी वाजवणं. चालू पियानोची ऊब थोडी असते, पण कोपऱ्यात गप्प बसलेल्या पियानोला बुरशी आधी धरते.

विजेबद्दल थोडकंच. ॲडॉप्टर बहुधा १०० ते २४० व्होल्ट घेतो, त्यामुळे व्होल्टेज खालीवर झालं तरी पियानोचं बिघडत नाही. घात करतात त्या मे आणि ऑक्टोबरातल्या गडगडाटी संध्याकाळी. प्लग काढून ठेवावा. बटण बंद करणं पुरत नाही. वाय-फाय राउटरचा १२ व्होल्टचा ॲडॉप्टर पियानोला बसतो म्हणून लावू नये, टोकाची धन-ऋण बाजू वेगळी असू शकते. नातेवाइकांनी बाहेरदेशाहून आणलेल्या पियानोत ॲडॉप्टरवरचा आकडा आधी वाचावा, आणि वॉरंटी इथं चालत नाही असं धरूनच चालावं.

चवथ

चवथीच्या चार दिवस आधी वसरी रिकामी झाली. आधी पेडल आणि ॲडॉप्टर काढून एका पिशवीत. मग पियानो दोघांनी दोन टोकांनी, तळाला हात घालून उचलला. पट्ट्यांच्या कडेला धरून उचलायचा नाही. तिथलं प्लॅस्टिक वजन पेलायला केलेलं नसतं. आतल्या खोलीत खाटेवर, आडवा, पट्ट्या वर. उभा करून भिंतीला टेकवला तर हातोड्यांचं वजन एका बाजूला पडतं. स्टँडचे स्क्रू कागदात गुंडाळून स्टँडलाच बांधले, नाहीतर दरवर्षी दोन हरवतात.

आरत्या पेटीवर झाल्या. माटोळी उतरली, वसरी धुऊन सुकली, पियानो जागेवर आला. मुलीने बसल्या बसल्या परीक्षेचा तुकडा सुरू केला आणि दुसऱ्या ओळीला थांबली. तिला तो उंच लागत होता. मास्टर ट्यूनिंग अजून सप्ताहाच्या ४४५ वरच होतं. ४४० ला आणून टेपच्या खुणेवर आवाज लावला आणि तिने पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरुवात केली.